धक्के कोणाचे, हिशेब कोणापुढे?

म्हैसूर संस्थानाला समुद्रकिनारा नव्हता. १९१२ ते १९१८ या काळात तेथील दिवाण असलेल्या विश्वेश्वरय्यांनी संस्थानाबाहेर, मुंबई इलाख्यातील भटकळ येथे बंदर उभारण्याची योजना मांडली होती. ती तडीस गेली नाही. परंतु ज्या मुलखाला दुसऱ्याच्या धक्क्यावर माल उतरवावा लागतो, तो आपल्या व्यापाराचा धनी नसतो, एवढे त्या संस्थानी प्रशासकालाही उमगले होते. आज किनारा सर्व देशाचा आहे. प्रश्न आहे तो धक्क्यांचा.

न्हावा-शेवा येथील बंदर १९८९ मध्ये जनतेच्या पैशातून उभे राहिले. १९९७ मध्ये तेथील एक कंटेनर टर्मिनल तीस वर्षांच्या कराराने ‘पी अँड ओ’ या परदेशी कंपनीच्या पुढाकाराखालील समूहाकडे गेले. २००६ मध्ये ती कंपनीच दुबईच्या डीपी वर्ल्डने विकत घेतली आणि टर्मिनलचा ताबा तिच्याबरोबर गेला. पाठोपाठ मर्स्क समूहाचे टर्मिनल आले, २०१८ मध्ये सिंगापूरच्या पीएसएचे सुरू झाले. अखेरीस २०२२ मध्ये बंदराने स्वतः चालवलेले टर्मिनलही जे. एम. बक्षी व सीएमए यांच्या हवाली करण्यात आले. बंदर प्राधिकरण आता निव्वळ जमीनमालक उरले आहे आणि या गोष्टीचा सरकारला अभिमान वाटतो!

चार चालक आले म्हणजे स्पर्धा आली, असे सांगितले जाते. या युक्तिवादात मूळचीच एक खोट आहे. निफाडचा द्राक्ष-बागाईतदार किंवा लासलगावचा कांदा-निर्यातदार टर्मिनल निवडत नाही. जहाज कोणत्या धक्क्याला लागणार हे जहाज कंपनी ठरवते. टर्मिनलवरील हाताळणीचा आकारही बहुतेक वेळा तीच वसूल करते. प्रत्यक्ष टर्मिनल जेवढे घेते त्याहून अधिक आपल्याकडून उकळले जाते, ही निर्यातदारांची जुनी तक्रार आहे. मर्स्क आणि सीएमए हे तर जहाजांचेही मालक. जहाज त्यांचे, धक्काही त्यांच्या हाती. मग घासाघीस कोणी कोणाशी करायची?

लिलावातील स्पर्धेची गतही पाहण्यासारखी आहे. न्हावा-शेवाच्या चौथ्या टर्मिनलसाठी २०११ मध्ये महसुलातील ५०.८ टक्के हिस्सा देण्याची बोली यशस्वी ठरली. बोली लावणाऱ्यांनी करार केलाच नाही. २०१४ मध्ये तेच काम ३५.७९ टक्क्यांवर गेले आणि मधली वर्षे वाया गेली.

मक्तेदारी रोखण्यासाठी २०१० मध्ये केंद्राने एक नियम केला होता : एखाद्या बंदरात एका प्रकारच्या मालासाठी एकच खाजगी चालक असेल, तर त्याच मालाच्या पुढच्या धक्क्यासाठी त्याला बोली लावता येऊ नये. नियम योग्यच होता. परंतु त्याची नजर एकाच बंदराच्या कुंपणापर्यंत पोहोचते. मुंद्रा ज्या समूहाच्या हाती, त्यानेच २०२१ मध्ये रायगड जिल्ह्यातील दिघी बंदर घेतले. मुरगावातही त्याचे कोळसा टर्मिनल आहे. अशी एक-एक बंदरे गोळा करून किनारा ताब्यात घेणाऱ्या अदानींना हा नियम शिवतही नाही.

उरली लोकांची देखरेख. १९६३ च्या कायद्याखालील विश्वस्त मंडळे आदर्श होती असे नव्हे. १८७३ पासून चालत आलेल्या मुंबईच्या पोर्ट ट्रस्टवर बड्या व्यापाऱ्यांचा वरचष्मा होता आणि गोदी कामगारांनी आपले स्थान झगडून मिळवले होते. पण मंडळावर कामगार, माल पाठवणारे आणि जहाजवाले समोरासमोर बसत. २०२१ च्या कायद्याने माल पाठवणाऱ्यांच्या जागा गेल्या. कर्मचाऱ्यांना दोन जागा राहिल्या, त्याही फक्त प्राधिकरणाच्या सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. जेथे सर्व टर्मिनले खाजगी झाली, तेथे क्रेनखाली राबणारा कंत्राटी कामगार या दोन जागांच्या हिशेबातच नाही! १९९७ मध्ये स्थापन झालेल्या दर प्राधिकरणाचा दर ठरवण्याचा अधिकारही याच कायद्याने संपवला. नव्या करारांत खाजगी चालक बाजार पाहून आपले दर आपणच ठरवणार. २०२५ च्या बंदर कायद्याने केंद्रीय मंत्र्याच्या अध्यक्षतेखालील सागरी राज्य विकास परिषदेला वैधानिक दर्जा दिला, तीत कामगारांना वा मच्छीमारांना स्थान नाही.

देखरेखीला दात असले तर काय होते, हे डहाणूने दाखवून दिले आहे. १९९८ मध्ये याच पी अँड ओला वाढवण येथे बंदर बांधायचे होते. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने त्याला नकार दिला आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. धर्माधिकारी २०१९ मध्ये निवर्तले. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने वाढवणला संमती दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव आणि नऊ कंटेनर टर्मिनले! गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली ज्या भागात १९४५ मध्ये वेठबिगारीविरुद्ध उठले, तेथील मच्छीमार आणि आदिवासी आज या भरावाविरुद्ध उभे आहेत.

वाढवण कंपनीत ७४ टक्के भाग जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा आणि २६ टक्के महाराष्ट्र सागरी मंडळाचा आहे. मालकी सार्वजनिक, तर कागद गुप्त का? टर्मिनलांचे करार सह्या होण्यापूर्वी मराठीतून प्रसिद्ध झाले पाहिजेत. संपूर्ण पश्चिम किनारा एक बाजार मानून एका समूहाच्या वाट्याला मर्यादा घातली पाहिजे. दरांवर सार्वजनिक सुनावणीचा अधिकार पुन्हा दिला पाहिजे, आणि कंत्राटी कामगार व मच्छीमार संघटनांचे प्रतिनिधी मंडळावर मतासह बसले पाहिजेत. या मागण्या घेऊन पालघर, उरण, रत्नागिरी आणि मुरगाव येथील साथींनी बंदर कामगार व मच्छीमार संघटनांबरोबर संयुक्त सभा घ्याव्यात. वाढवणच्या टर्मिनलांचे वाटप उरकून गेल्यावर त्यांचा उपयोग होणार नाही.