घर राखायला मागे कुणाला ठेवता?



ऊस कारखान्याला गेला, शाळू-हरभरा घरात आला, की आपल्याकडे चार दिवस जरा निवांत मिळतात. मग पोरांची भुणभुण सुरू होते. पूर्वी ती जत्रेतल्या पाळण्यासाठी असे, आता ‘पार्कात’ जायचे असते. कऱ्हाड, पलूस, विटा, तासगाव भागांतून गाड्या भरून माणसे खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जातात, कुणी कणेरी मठावरचे ग्रामजीवनाचे संग्रहालय पाहून येतात. जावे, जरूर जावे. वर्षभर राबणाऱ्या घराला एक दिवस हौसेचा हवाच.

पण गाडीत माणसे मोजताना एक वाक्य बऱ्याच घरांत कानावर येते. “त्याला नको, त्याचे हाल होतील. तो राहील घर राखायला.” हा ‘तो’ म्हणजे पोलिओने पाय गेलेला चुलता असतो, मळणी यंत्रात हात गमावलेला भाऊ असतो, झाडावरून पडून कमरेखाली लुळा झालेला कर्ता माणूस असतो, नाहीतर जन्मापासून मान न धरणारी लेक असते. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण ज्याच्याविषयी बोलतात, त्याला कुणी विचारलेले नसते.

माझ्या फिरतीतल्या एका गावातली गोष्ट सांगतो. चौदा वर्षांची मुलगी, मेंदूच्या आजाराने पाय जखडलेले. बापाने हौसेने तिला पाठंगुळीला घेऊन पार्कात नेले. दुपारी बारालाच त्याची कंबर धरली. उरलेला दिवस बापलेक झाडाखाली बसून राहिले आणि बाकीची मंडळी खेळून आली. घरी आल्यावर सगळे म्हणाले, “पुन्हा नेणे नको.” मुलगी मात्र म्हणाली, “पुन्हा न्या, पण खुर्ची घेऊन न्या.” पुढच्या वर्षी चाकांची खुर्ची मिळवली, फोनवर सारे विचारून घेतले, गर्दी नसलेला वार धरला. ती मोजून तीन खेळांत बसली. त्या तीन खेळांच्या गोष्टी ती अजून सांगते. माणसे तीच, मुलगी तीच. फरक पडला तो तयारीने.

पेरणीच्या आधी आपण मशागत करतो, बियाणे बघतो, मगच तिफण धरतो. सहलीचेही तसेच आहे.

पहिले काम कागदाचे. अपंगत्वाचा दाखला आणि युडीआयडी कार्ड नसेल तर आधी ते काढा. ऑनलाइन अर्ज करून तपासणीसाठी सरकारी रुग्णालयात जावे लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत, जुन्या १९९५ च्या कायद्यात ते ७ होते. त्यामुळे पूर्वी “तुमचे बसत नाही” म्हणून परत पाठवलेल्यांनी पुन्हा चौकशी करावी. दाखला ४० टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर एस.टी.च्या साध्या गाडीत तिकिटात ७५ टक्के सवलत मिळते. अपंगत्व ६५ टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर सोबत्यालाही निम्मे तिकीट पडते. सोबतीवाचून प्रवास करू न शकणाऱ्या अपंगांना व त्यांच्या एका सोबत्याला रेल्वेतही सवलत आहे. स्टेशनावर त्याची चौकशी करून ठेवा.

दुसरे काम फोनचे. निघण्याच्या आठवडाभर आधी पार्कात फोन करा आणि नेमके प्रश्न विचारा. “अपंगांची सोय आहे का?” असे मोघम विचाराल तर “आहे” असे मोघम उत्तर मिळेल. असे विचारा: चाकांची खुर्ची तिथे मिळते का, भाडे व अनामत किती? आमची खुर्ची आत नेता येते का? फाटकापासून खेळापर्यंत पायऱ्या किती? खुर्ची आत जाईल असे संडास आहे का आणि ते कुठे? सोबत्याला तिकीट पडते का? रांगेत उभे न राहता बसायची सोय आहे का? कोणत्या खेळात आमच्या माणसाला बसता येईल? उत्तरे वहीत लिहा, उत्तर देणाऱ्याचे नावही लिहून ठेवा.

उताराचाही अंदाज असू द्या. खुर्ची नीट चढायला एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबीचा उतार लागतो. बांधबंदिस्तीत आपण जमिनीचा उतार टक्क्यांत मोजतो, त्या हिशेबाने हा साधारण ८ टक्के झाला. ट्रॉलीत पोती चढवायला लावतो तशी उभी फळी म्हणजे खुर्चीसाठी उतार नव्हे, तो अपघात आहे. अशा ठिकाणी दोघांनी धरल्याशिवाय खुर्ची चढवू नका. मोठा उतार उतरताना खुर्ची उलटी करून, आपण उताराच्या बाजूला राहून हळूहळू उतरवा.

आता खेळांविषयी. काही खेळांत बसू देत नाहीत म्हणून रागावू नका, आधी कारण समजून घ्या. झपाट्याने फिरणाऱ्या खेळात माणसाला दांडा खांद्यावर किंवा मांडीवर घट्ट धरून ठेवतो. ज्याला धड सावरता येत नाही, तो त्यातून निसटू शकतो. खेळ मध्येच वर बंद पडला तर पायऱ्यांनी उतरावे लागते, तेव्हा काय करायचे याची सोय आधी हवी. फिट येणाऱ्यांनी लुकलुकत्या दिव्यांचे खेळ टाळावेत. कृत्रिम पाय किंवा हात असेल तर तो झटक्याने सुटू शकतो, म्हणून चालवणाऱ्याला आधी सांगा. कानाचे यंत्र पाण्यात जाण्याआधी काढून सोबत्याकडे द्या. पण कारण न सांगता, नुसते खुर्चीकडे पाहून कुणी “नाही” म्हणाले, तर व्यवस्थापकाला बोलावून नियम दाखवायला सांगा.

तिसरी गोष्ट शरीराची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. लघवीची अडचण नको म्हणून पुष्कळ अपंग माणसे, विशेषतः बायका, प्रवासाच्या दिवशी पाणीच पीत नाहीत. हे फार धोक्याचे आहे. उन्हात चक्कर येते, लघवीच्या जागी जंतूंचा त्रास होतो. पाणी तोडू नका, संडासाची जागा आधी हेरा. कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला बसून बसून जखम झालेली कळत नाही. खाली जाड गादी द्या, दर पाव-अर्ध्या तासाने त्याला थोडे उचलून किंवा कलते करून जागा मोकळी करा, रात्री घरी आल्यावर कातडी तपासा. मणक्याला वरच्या भागात मार बसलेल्यांना घामही नीट येत नाही. त्यांना दुपारी सावलीत ठेवा आणि ओले फडके अंगावर फिरवत राहा. रोजच्या गोळ्या सोबत्याच्या खिशात असाव्यात.

वार निवडताना रविवार, मे महिना आणि दिवाळीची सुटी टाळा. हे जत्रेलाही लागू आहे. २५ जानेवारी २००५ रोजी आपल्याच वाई तालुक्यात मांढरदेवच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली, सुमारे तीनशे माणसे गेली. धडधाकट माणसांचे तिथे काही चालले नाही. ज्याला पळता येत नाही, त्याला यात्रेच्या मुख्य दिवशी गर्दीत नेऊ नका. आदल्या किंवा पुढच्या दिवशी, सकाळी लवकर न्या. देव तोच असतो, पाळणेही बहुधा तेच असतात.

आता हक्काचे. २०१६ च्या कायद्याच्या २९ व्या कलमात सांस्कृतिक जीवन आणि करमणूक यांत दिव्यांगांना बरोबरीने भाग घेता यावा असे म्हटले आहे. म्हणजे सहल ही कुणाची मेहेरबानी नव्हे. लोकांच्या वापराच्या जागा सुगम करण्याचे नियम नुसते सल्ल्यापुरते न राहता बंधनकारक असावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सांगितले. तक्रार असेल तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांचे कार्यालय आहे, तिथे लेखी द्या.

मनात आणले तर काय होते याचा एक दाखला परदेशातला आहे. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनियो शहरी गॉर्डन हार्टमन नावाचे गृहस्थ आहेत. त्यांची लेक मॉर्गन ही मतिमंद. एकदा पोहण्याच्या तलावात ती इतर मुलांशी खेळायला गेली, तर ती मुले बाहेर निघून गेली. बापाच्या मनाला ते लागले. त्यांनी २०१० साली लेकीच्या नावाने असे पार्क उघडले की चाकांच्या खुर्चीसकट झोक्यावर आणि फिरत्या चक्रावर बसता येते. अपंगांना तिथे प्रवेश फुकट आहे. २०१७ साली शेजारी पाण्याचे पार्क झाले, तिथे पाण्यात चालणाऱ्या, हवेच्या दाबावरच्या खुर्च्या आहेत.

आपल्याला टेक्सासला जायचे नाही, आणि तेवढा पैसाही नको. सुरुवात गावातच होते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो कुठे गेला हे ग्रामसभेत विचारा. चार-दोन चाकांच्या खुर्च्या पंचायतीत राहिल्या, तर ज्याला लागेल तो नेईल. यात्रा कमिटीला सांगा की तमाशाच्या आणि कुस्तीच्या फडाजवळ खुर्चीसाठी सपाट जागा आखून ठेवा. त्याला खर्च तो किती, चुन्याची एक रेघ!

शेवटचे एक. नेऊ नका म्हणत नाही, तसे ओढूनही नेऊ नका. कुणाला गर्दी नको वाटते, कुणाला चारचौघांच्या नजरा नको वाटतात. आधी विचारा, “येणार का? आणि तिथे काय बघायचेय?” तो नाही म्हणाला तर तो त्याचा निर्णय. हो म्हणाला, तर घराला कुलूप आहे, शेजारी आहेत, आणि जनावरांना वैरण घालायला भावकीतला एखादा पोरगा मिळतोच. घर राखायला माणूसच हवा असेल, तर चिठ्ठ्या टाका आणि त्यात सगळ्यांची नावे घाला.

या उन्हाळ्यात गाडी ठरवण्याआधी हे एवढे करा. काय काय अडचणी आल्या ते कळवा, त्यांवर पुढे लिहीन.