चूक सांगणारा आकडाच भरवशाचा

मनगटावरचं घड्याळ "आज ४१२ कॅलरी खर्च झाल्या" असं बिनधास्त सांगतं. ते कितीने चुकलं असेल, हे मात्र सांगत नाही. माझं मत असं की, जो आकडा आपली चूक लपवतो त्यावर भरवसा ठेवू नये.

ऊर्जाखर्च मोजण्याची सर्वांत विश्वासार्ह पद्धत पाहा. नेथन लिफसन यांनी १९५० च्या दशकात ती प्राण्यांवर विकसित केली. १९८२ मध्ये ती माणसांवर वापरली गेली. ड्युटेरियम आणि ऑक्सिजन-१८ हे जड समस्थानिक असलेलं पाणी प्यायला देतात. ड्युटेरियम पाण्यावाटे बाहेर पडतो, तर ऑक्सिजन-१८ पाणी आणि कार्बन डायऑक्साइड या दोन्हींवाटे. एक-दोन आठवडे लघवीचे नमुने तपासून दोन्हींच्या घटण्यातला फरक काढतात. त्यावरून कार्बन डायऑक्साइड आणि मग ऊर्जा कळते.

आता चुका कुठे शिरतात ते बघू.

१) श्वासातून व त्वचेतून जाणाऱ्या वाफेत जड समस्थानिक कमी असतात, लघवीत तसं नसतं. वाफेचा वाटा किती, हे गृहीत धरावं लागतं.

२) ड्युटेरियमची शरीरातल्या इतर हायड्रोजनशी अदलाबदल होते. त्यामुळे शरीरातलं पाणी सुमारे ४ टक्के जास्त भासतं.

३) मध्येच गाव बदललं, पिण्याचं पाणी बदललं, की समस्थानिकांचं मूळ प्रमाणच बदलतं.

४) एक लिटर कार्बन डायऑक्साइडमागे कर्बोदकं जळाली तर साधारण ५ किलोकॅलरी मिळतात, चरबी जळाली तर सुमारे ६.६. म्हणजे आहाराचा अंदाज चुकला की उत्तर चुकलं!

५) बाटलीचं झाकण सैल राहिलं, तर नमुन्यातलं पाणी उडून जातं.

मग ही पद्धत कसोटी का मानतात? कारण यातली प्रत्येक चूक शोधून तिची दुरुस्ती ठरवली गेली आहे. याच पद्धतीने १९९२ मध्ये दाखवून दिलं, की "कमी खाऊनही वजन उतरत नाही" म्हणणाऱ्या काही स्थूल व्यक्तींनी आपलं खाणं सरासरी ४७ टक्के कमी नोंदवलं होतं.

शालेय पोषण आहारात प्राथमिकच्या मुलाला ४५० कॅलरी ठरल्या आहेत. असे आकडे शरीराच्या गरजेच्या अंदाजावर उभे असतात. अंदाज चुकला तर ताटातलं अन्न कमी पडतं, आणि ते मुलाच्या अंगावर दिसतं.

म्हणून प्रयोगवहीत उत्तर जुळवून लिहू नका. 'चुकीची कारणे' या मथळ्याखाली खरं ते लिहा. शिक्षकांनीही त्याला गुण द्यावेत.