कंपनी सरकारची, कर्मचारी कोणाचे?

सरकारी रुग्णालयातील सफाई कामगार, कक्षसेवक आणि स्वयंपाकी यांना वेगळ्या कंपनीच्या पटावर घेण्यास कामगार संघटना विरोध करतात, तेव्हा एक ठरावीक उत्तर मिळते : कंपनी सरकारच्याच मालकीची आहे, मग तक्रार कशाची? हे उत्तर मला अपुरे वाटते.

इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. तेथील अनेक रुग्णालय-न्यासांनी पूर्ण मालकीच्या उपकंपन्या काढून सफाई, देखभाल, भोजन आदी कामे त्यांच्याकडे सोपवली. मूल्यवर्धित करातील सवलत हा बचतीचा एक मार्ग होता. दुसरा मार्ग नव्या भरतीतून जात होता. वर्ग झालेल्यांच्या सेवाशर्तींना कायद्याचे संरक्षण असते. नव्याने येणाऱ्यांना राष्ट्रीय वेतनकरार व निवृत्तिवेतन योजना देण्याचे बंधन मात्र उपकंपनीवर नसते. परिणामी एकाच कक्षात तेच काम करणाऱ्या दोघांच्या वेतनात तफावत पडू शकते. २०१८ मध्ये विगन येथील न्यासाने सुमारे ९०० कर्मचारी वर्ग करण्याचे ठरवले, तेव्हा ‘युनिसन’सह संघटना संपावर गेल्या आणि योजना सोडून द्यावी लागली.

या प्रश्नाला आपल्याकडेही इतिहास आहे. ज्या जे. एच. व्हिटली यांच्या नावाच्या परिषदांमधून ब्रिटिश आरोग्य सेवेतील वेतन अनेक दशके वाटाघाटींनी ठरले, तेच भारतातील कामगारविषयक शाही आयोगाचे अध्यक्ष होते. त्या आयोगाच्या १९३१ च्या अहवालाने मध्यस्थामार्फत होणाऱ्या भरतीचे दोष दाखवून दिले. केंद्र सरकारची १९६६ मधील संयुक्त सल्लागार यंत्रणाही व्हिटली परिषदांच्याच धर्तीवर उभी राहिली. निर्णय घेणारा मालक आणि कर्मचारी समोरासमोर बसावेत, हे तिचे तत्त्व. मध्ये कंपनी आली की हे तत्त्वच निकालात निघते.

आंध्र प्रदेश व हरियाणा यांनी बाह्यस्रोत मनुष्यबळासाठी सरकारी कंपन्या स्थापन केल्या. उत्तर प्रदेशच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये तशाच निगमास मंजुरी दिली. ठेकेदाराची दलाली थांबावी, वेतन थेट खात्यात जमा व्हावे, हे हेतू रास्तच आहेत. परंतु दलाल गेला, तरी जबाबदारीतील दुरावा कायम राहतो. प्रशासनात असताना मी पाहिले आहे : पदनिर्मितीचा प्रस्ताव वित्त विभागात अडतो, तीच माणसे ‘कंत्राटी सेवा’ या लेखाशीर्षाखाली सहज मिळतात. काम कायमचे, माणूस मात्र तात्पुरता. अशा व्यवहारावर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ च्या ‘जग्गो’ निकालात कठोर शब्दांत बोट ठेवले आहे.

रुग्णालयातील स्वच्छता ही उपचारांचाच भाग आहे. तिच्यावर जंतुसंसर्गाचे नियंत्रण अवलंबून असते. म्हणून अशी कंपनी काढण्यापूर्वी शासनाने तीन हमी लेखी द्याव्यात : समान कामास समान वेतन, नव्या भरतीलाही तेच सामाजिक सुरक्षेचे लाभ, आणि वाटाघाटीत रुग्णालयाचा व शासनाचा प्रत्यक्ष सहभाग. या तीन अटी पाळूनही बचत उरत असेल, तर कंपनी अवश्य काढावी. उरत नसेल, तर ती बचत कोणाच्या वेतनातून होणार होती, हे उघड आहे. आणि संघटनांचा विरोध नेमका त्यालाच आहे.