मर्यादेची तपासणी

यंत्रावर छापलेला आकडा उत्पादकाची हमी सांगतो. क्षमता त्यापलीकडेही असू शकते. प्रोसेसर नेमल्या वेगापुढे चालवण्याची हौस, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग, या भेदावरच उभी आहे.

१९९८ सालचा इंटेलचा ‘सेलेरॉन ३०० ए’ हा स्वस्त प्रोसेसर घ्या. बसच्या ६६ मेगाहर्ट्झ वेगाला साडेचारने गुणून तो ३०० गाठी. गुणक कुलूपबंद होता; बसचा वेग मात्र मदरबोर्डाच्या हाती. म्हणून निवड बोर्डाची करायची. अबिटच्या ‘बीएच६’वर तो वेग बायॉसमधूनच १०० करता येई, व्होल्टेजही वाढवता येई, आणि प्रोसेसर पुष्कळदा ४५० वर स्थिर राही. जेथे ही सोय नव्हती, तेथे हौशी मंडळी प्रोसेसरच्या बी२१ या पिनेवर चिकटपट्टी लावून बोर्डाला चकवत.

ही निव्वळ काटकसर नव्हे. सांगितलेली मर्यादा प्रमाण न मानता तपासणे, आणि संगणक गोठल्यास आपला दावा मुकाट मागे घेणे, ही शिस्त साहित्यसमीक्षेतही विरळाच आढळते. २०११ पासून इंटेल ही मोकळीक प्रामुख्याने ‘के’ मालिकेचे प्रोसेसर आणि ठरावीक चिपसेटचे बोर्ड यांसोबत विकते. बंडखोरीला किंमतपट्टी लागली, की तपासणीची जागा परवानगी घेते. आमचा आक्षेप आहे तो यालाच.