शिरगणती यीस्टच्या पेशींची

बिअरच्या कारखान्यातील सर्वांत कष्टाळू कामगार नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत. एका मिलीमीटरच्या अंतरात शंभर-दीडशे जण सहज रांगेत उभे राहतील, एवढाच त्यांचा आकार! पावाचे पीठ फुगवते तेच हे यीस्ट. मोड आणलेल्या सातूच्या गोड रसात ते सोडले, की साखरेचे मद्यार्क आणि कार्बन डाय-ऑक्साइड वायूत रूपांतर होऊ लागते.

प्रश्न असतो तो ते किती सोडायचे याचा. ते कमी पडले तर रस आंबायला वेळ लागतो आणि तेवढ्या अवधीत नको ते जंतू शिरकाव करतात. जास्त झाले तर चव बिघडते. रसात विरघळलेला अंश 12 टक्के असेल, तर दर मिलिलिटरमागे सुमारे 1 कोटी 20 लाख पेशी, असा ढोबळ हिशेब मद्यनिर्माते धरतात. वजनावर भरवसा ठेवता येत नाही, कारण त्यात पाणी, गाळ आणि मेलेल्या पेशीही आल्या. म्हणून त्या मोजाव्याच लागतात.

त्यासाठी रक्तपेशी मोजण्याचीच काच वापरतात. तिच्यावर बारीक चौकोन कोरलेले असतात. पातळ केलेल्या यीस्टचा थेंब त्यावर ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकातून एकेका चौकोनातील पेशी मोजायच्या. थेंबात मिथिलीन ब्लू हा रंग मिसळला, तर जिवंत पेशी त्याचा रंग घालवतात, मेलेल्या मात्र निळ्या दिसतात. दिवसभर हे काम करणाऱ्याच्या डोळ्यांचे काय होत असेल, ते वेगळे सांगायला नको!

डब्लिनच्या गिनेस कारखान्यात 1899 मध्ये नोकरीला लागलेले विल्यम गॉसेट यांनी या मोजणीचाच अभ्यास केला. थेंब चांगला ढवळलेला असूनही 400 चौकोनांपैकी 20 चौकोनांत एकेकच पेशी सापडली, तर दोन चौकोनांत तब्बल बारा-बारा! सरासरी आली 4.68. हा मोजणाऱ्याचा निष्काळजीपणा नव्हे, तर निव्वळ योगायोग, आणि त्यालाही गणिती नियम असतो, हे त्यांनी दाखवून दिले. एकूण 100 पेशी मोजल्या तर साधारण 10 चा, म्हणजे 10 टक्क्यांचा फरक पडू शकतो. 400 मोजल्या तर 20 चा, म्हणजे 5 टक्क्यांचा. चूक निम्मी करायची तर कष्ट चौपट! कंपनीच्या नियमांमुळे 1907 चा हा लेख त्यांना ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापावा लागला. संख्याशास्त्राचे विद्यार्थी आजही त्यांना याच नावाने ओळखतात.

आता हे चौपट कष्ट यंत्र उपसते. सूक्ष्मदर्शकाला जोडलेला कॅमेरा छायाचित्र घेतो. संगणकाच्या दृष्टीने ते चित्र म्हणजे कमी-अधिक उजेडाच्या असंख्य ठिपक्यांचा तक्ता. त्यातून तो गोलाकार कडा शोधतो, आकार तपासतो, निळ्या पेशी वेगळ्या काढतो आणि काही सेकंदांत आकडा देतो. तो थकत नाही, कंटाळतही नाही. फसतो मात्र! हवेचा बुडबुडाही गोलच असतो आणि एकमेकींना चिकटलेल्या दहा पेशींचा पुंजका त्याला एकच मोठा डाग वाटू शकतो. म्हणून अलीकडच्या प्रणालींना आधी माणसांनी खुणा करून दिलेली ढीगभर चित्रे दाखवून शिकवतात. म्हणजे यंत्राची नजर ही शेवटी त्या मोजणाऱ्यांचीच उसनी नजर! शिवाय बाटली नीट न हलवता थेंब घेतला, तर उत्तमातला उत्तम कॅमेराही चुकीचाच आकडा बिनचूकपणे सांगणार.

आणखी एक अडचण जुनीच आहे. यीस्टच्या पेशीला अंगावरच कळी फुटते आणि तीच वाढून नवी पेशी होते. मग कळीला कधीपासून वेगळे मोजायचे? आईच्या निम्म्याएवढी झाली की तिची वेगळी नोंद करावी, असा संकेत बऱ्याच ठिकाणी पाळतात. संगणकालाही तो आधी सांगून ठेवावा लागतो.