गोळ्या दोन, प्रश्नही दोन

मराठीत ‘पाळी जाणे’ म्हणा की कानडीत ‘मुट्टु निल्लुवुदु’, हा विषय आपल्या घरांत माजघराबाहेर येत नाही. अंगातून वाफा निघतात, रात्री घाम फुटतो, झोप उडते, उगाचच जीव घाबरतो. घरचे म्हणतात, ‘वयच आहे, चालायचंच!’

माझी मावसबहीण डभोईला दिली आहे. गायकवाडी काळापासून तिथे मराठी घरे आहेत. दिवाळीत ती आमच्याकडे आली तेव्हा पिशवीत दोन पाकिटे होती, एक इस्ट्रोजेनचे आणि दुसरे क्लोरडायझेपॉक्साइडचे. ‘दोन्ही एकाच त्रासाच्या गोळ्या,’ ती म्हणाली. पाळी जाऊन दोन वर्षे झाली होती, तरी मध्ये एकदा डाग दिसला होता. तो तिने कुणालाच सांगितला नव्हता.

दोन्ही एकच, ही समजूत जुनीच आहे. गेल्या शतकात अमेरिकेत ही दोन औषधे एकाच गोळीत विकली जात. तिचे नाव मेनरियम. इस्ट्रोजेन आणि मेप्रोबामेट यांची पीएमबी ही तशीच दुसरी गोळी. आज त्या बाजारात नाहीत. अशा गोळीची अडचण साधी आहे : एक औषध कमी करायचे तर दुसरेही कमी होते.

दोन्हींचे नियम मात्र वेगळे. वाफा आणि घाम यांवर इस्ट्रोजेन उत्तम; पण गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हवेच, नाहीतर आतले अस्तर वाढून कर्करोगाचा धोका वाढतो. हे १९७५ मध्येच अमेरिकेतल्या अभ्यासांतून पुढे आले. २००२ च्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात दोन्ही हार्मोन घेणाऱ्या दर दहा हजार बायकांमागे वर्षाला स्तनकर्करोगाचे ८ रुग्ण जास्त आढळले. मात्र त्या बायकांचे सरासरी वय ६३ होते. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांत सुरुवात केल्यास, निरोगी बाईला सहसा फायदा अधिक. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गाठी किंवा यकृताचा मोठा आजार असेल, तर हे औषध सहसा देत नाहीत.

क्लोरडायझेपॉक्साइडची गोष्ट निराळी. ते थोड्या आठवड्यांपुरतेच. पुढे सवय जडते, तोल जाऊन पडण्याची भीती वाढते. मद्य किंवा अफूजन्य वेदनाशामकाबरोबर घेतल्यास श्वास मंदावतो. महिनोन् महिने घेतलेली गोळी एकदम थांबवली तर झटकेही येऊ शकतात; डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच कमी करायची. २०१४ पासून हे औषध एच-वन यादीत आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय देता येत नाही आणि दुकानदाराला वेगळ्या वहीत नोंद ठेवावी लागते.

बहिणीची सोनोग्राफी आणि अस्तराची तपासणी झाली. सुदैवाने कर्करोग नव्हता. प्रोजेस्टेरॉन सुरू झाले. वाफा थांबल्यावर झोप परतली आणि दुसरी गोळी टप्प्याटप्प्याने सुटली.

मैत्रिणींनो, डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारा : ‘इस्ट्रोजेनसोबत मला प्रोजेस्टेरॉन हवे का?’ आणि ‘शांत करणारी गोळी कधी, कशी बंद करायची?’ पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी रक्त दिसले, तर लाज बाजूला ठेवून त्याच आठवड्यात दवाखाना गाठा.