‘पार्श्वभूमी’ नावाची पळवाट

मराठी समीक्षेतील ‘पार्श्वभूमी’ हा शब्द वरकरणी निरुपद्रवी वाटतो. कथा गिरणगावात घडत असेल, तर समीक्षक ‘गिरणगावाची पार्श्वभूमी’ असे एकदा नोंदवतो आणि निश्चिंत मनाने मानवी नात्यांच्या गुंतागुंतीकडे वळतो. जणू गिरणी हा रंगमंचामागचा रंगवलेला पडदाच! कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. त्यानंतर शतकाहून अधिक काळ लाखो माणसांचे जेवण, झोप, सण आणि भांडणे ज्या भोंग्याने ठरवली, तो भोंगा पडद्यावर रंगवता येत नाही.

एकच उदाहरण घ्यावे. विणकाम खात्यात, कामगारांच्या बोलीत साचाखात्यात, धोट्यातील कांडी संपली की विणकर नवी कांडी बसवी आणि सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घेई. एकाच धोट्याला अनेकांचे तोंड लागे. या उष्ट्याच्या भयामुळे अस्पृश्य कामगारांना साचाखाते बंद होते. आणि अधिक पगार तर तेथेच. १९२८ च्या प्रदीर्घ संपात हे खाते खुले करण्याच्या मागणीसाठी डॉ. आंबेडकरांना आग्रह धरावा लागला, आणि वर्गलढ्याच्या पुढाऱ्यांनी ती नाखुशीनेच स्वीकारली. यंत्रामुळे जात आपोआप गळून पडेल, ही अपेक्षा ज्या छिद्रात अडकली ते हे छिद्र. ‘कामगार साहित्य’ आणि ‘दलित साहित्य’ अशी दोन स्वतंत्र दालने थाटून बसलेल्या समीक्षेने हा धोटा कोणत्या दालनात ठेवावा?

प्रश्न केवळ वर्गीकरणाचा नाही. बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहाच्या शीर्षककथेतील नायक रेल्वेच्या नोकरीत आपली जात लपवतो. या कथेतील दाहाविषयी, विद्रोहाविषयी पुष्कळ लिहिले गेले, ते योग्यच. परंतु जात चोरता येईल ही शक्यताच मुळी अनोळखी माणसांना एकत्र आणणाऱ्या औद्योगिक व्यवस्थेत निर्माण होते. गावगाड्यात जात चोरता येतच नव्हती. ती सर्वांना ठाऊक असे. कथेचा सारा ताण या नव्या शक्यतेतून जन्मतो आणि तिच्या फोलपणावर आदळतो. उद्योग येथे कथानकाची पूर्वअट आहे. नारायण सुर्व्यांच्या वाट्याला वेगळा अन्याय आला: ‘कामगारकवी’ ही पदवी बहाल करून त्यांना सन्मानाने बाजूला बसवण्यात आले. परात्मतेची चर्चा काफ्का-कामूंच्या साक्षीने रंगत राहिली. परळच्या रात्रपाळीला त्या चर्चेत साक्षीला कोणी बोलावले नाही.

साहित्य हे समाजशास्त्राचे परिशिष्ट नव्हे, असा आक्षेप यावर येईल. तो अर्धा खरा आहे. मार्क्सवादी म्हणवणाऱ्या आपल्याकडील समीक्षेनेही बहुधा आशयाची निष्ठा तपासण्यापलीकडे मजल मारली नाही. पण म्हणूनच रूपाची आस्था बाळगणाऱ्यांवर अधिक जबाबदारी येते. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ (१९९७) मध्ये प्रेक्षकांसमोर असते ती चाळीतील खोली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या, सुमारे अडीच लाख कामगारांच्या संपानंतर त्या खोलीतील मुलांसाठी गिरणीची वाट उरलेली नाही, आणि दुसरी कोणती खुली झालेली नाही. त्यांची भांडणे पुन्हा पुन्हा त्याच जागी येतात, घटना पुढे सरकण्याऐवजी साचत जातात. हा नाट्यरचनेतील शैथिल्याचा भाग नव्हे, पाळी संपलेल्या काळाची ती लय आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी बाजारात येण्याची वाट मोकळी केली, तेव्हा ‘अधांतर’ रंगभूमीवर यायला सहा वर्षे अवकाश होता. नाटकाला ‘कौटुंबिक शोकांतिका’ म्हणणाऱ्याने ते कुटुंब कोणत्या जमिनीवर राहत होते, तिचा भाव काय होता आणि तो कोणी ठरवला, हे आधी विचारायला हवे होते.